चौसष्ट केबीत न मावलेली नावं

एक, दोन, तीन, चार, पाच. बालवाडीत शिकलेले हे आकडे मी एका रविवारी सकाळी, काकांच्या जेवणाच्या टेबलाशी बसून क्रमानं दाबले आणि एका माणसाची अकरा महिन्यांची मेहनत पुसून टाकली. बालवाडीचा अभ्यास इतका महाग पडलेला दुसरा माणूस माझ्या ऐकण्यात नाही.

हेतू चांगला होता. तो नेहमीच असतो. काकांच्या त्या जुन्या बटणांच्या फोनमधली सगळी अक्षरं कुठल्याशा परदेशी भाषेत होती. काका लिफ्टच्या तक्रारीचा फोन घ्यायला गॅलरीत गेले होते. जाताना म्हणाले होते, "बघ हवं तर, पण बटणं मी सांगेन तीच दाब." मी म्हटलं, तोवर भाषा तरी सरळ करून ठेवू. असल्या फोनांवर मी दोन वर्षं अभ्यास करतोय, त्यांचे मेनू मला तोंडपाठ. खालून दुसरी ओळ, मग पहिली, मग त्या कंपनीच्या सगळ्या फोनांना चालणारं ते पाच आकड्यांचं कुलूप. फक्त या फोनात पहिल्या ओळीवर 'भाषा आणि इतर सेटिंग पूर्ववत करा' नव्हतं, 'सगळंच पुसा' होतं. पडदा काळा झाला आणि उजळला तेव्हा फोन कारखान्यातून आल्या दिवसासारखा कोरा होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं बैल दुसऱ्याचा होता, एवढाच फरक.

काका आत आले. पडद्याकडे बघत उभे राहिले. मग विचारलं, "भाषा का बदललीस?"

मी काहीतरी बडबडलो. त्यांनी फोन उचलला, पालथा करून ड्रॉवरमधल्या त्याच्या जागेवर ठेवला, ड्रॉवर लोटला आणि म्हणाले, "चहा घेणार?"

त्यांनी आरडाओरडा केला असता तर मी जिना उतरून सुटलो असतो. आता चहा प्यावा लागला.

हे काका माझे सख्खे चुलत कुणी नव्हेत. मी शिकतो तिथं खेळांचा अभ्यास हा विषय आहे, म्हणजे संगणकावरच्या आणि फोनवरच्या खेळांचा. घरी कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "मग मैदानावर कधी दिसत नाहीस?" आमच्या बाईंनी मला काम दिलं होतं ते स्मार्टफोनच्या आधीचे, बटणांच्या फोनवरचे खेळ शोधायचं. ते खेळ करणाऱ्या कंपन्या बंद पडल्या, फोन भंगारात गेले आणि खेळ कुणी जपले नाहीत. शोधता शोधता मला हे गृहस्थ सापडले. एका कंपनीत त्यांनी सात वर्षं एकच काम केलं होतं. दुसऱ्यांनी तयार केलेला खेळ हरएक मॉडेलच्या फोनवर चालता करायचा.

आज हे समजावून सांगावं लागतं. तेव्हा प्रत्येक फोनचा पडदा वेगळा, बटणं वेगळी, स्मरणशक्ती वेगळी. एक खेळ विकायचा तर तो दोनशे-अडीचशे मॉडेलांवर चालायला हवा. एखाद्या फोनवर डावं बटण म्हणजे 'हो', त्याच्या धाकट्या भावावर 'नाही'. एखादा आवाज सुरू झाला की थिजायचा. सगळ्यात गरीब फोनांवर तर अख्खा खेळ, चित्रं, सूर, शब्द सगळं धरून, चौसष्ट केबीत बसवायचा. आज पासपोर्टच्या फोटोलासुद्धा त्याहून जास्त जागा लागते. या कामाला पोर्टिंग म्हणत, म्हणून कचेरीत काकांचं नाव पडलं हमाल. त्यांनी ते बिनतक्रार उचललं.

"खेळ दुसऱ्यांचे, ओझं आपलं," ते म्हणायचे. "पण हमालाला घर आतून माहीत असतं. मालकापेक्षा जास्त."

त्यांच्या ड्रॉवरमध्ये अजूनही एकूण एकोणतीस फोन होते, प्रत्येकाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं. साबण, डबी, खडूस, जावईबापू. जावईबापू का? "कारण याच्यासाठी सगळं वेगळं करावं लागायचं." मी पुसला तो फोन म्हणजे म्हातारी. एकोणतिसांतला सगळ्यात मंद. बटण दाबलं की म्हातारी जणू 'आले हं' म्हणायची आणि मग उठायची. पडद्यावरचा माणूस तुमच्या बोटाच्या एक पाऊल मागेच.

कंपनीत तो दोष मानत. काकांनी त्या दोषाचाच खेळ केला. दोन माणसं एक मोठं कपाट घेऊन पाच मजले उतरतायत. पुढचा तुमच्या बटणांवर चालतो, मागचा तुम्ही केलं तेच एक पाऊल उशिरा करतो. वळणावर पुढच्यानं घाई केली की मागचा भिंतीला भिडतो आणि कपाट अडकतं. खेळाचं नाव 'जरा धरा'. कामाची वेळ संपल्यावर रोज तासभर थांबून त्यांनी तो अकरा महिन्यांत केला. साहेबांनी दोन मिनिटं खेळून परत दिला. "लोक पैसे देऊन जिना का उतरतील?" पुढे एका दुपारी कंपनीच बंद झाली. संगणक टेम्पोत चढले, त्यांच्याबरोबर काकांचं मूळ काम गेलं. उरली ती म्हातारीतली एकच प्रत. तीही बाहेर काढता येण्यासारखी नव्हती, कारण चोरी नको म्हणून तेव्हाच्या फोनात खेळाला आत जायची वाट असे, बाहेर यायची नसे.

काका आता लिफ्टचे आकडे दाखवणाऱ्या पाट्या बनवणाऱ्या कारखान्यात आहेत. आमच्या कॉलेजच्या लिफ्टमधला सात त्यांनी काढलाय, सात ठिपके उंच. पहिल्या भेटीत ते मला म्हणाले होते, "तुमचा दोन वाईट आहे. तो माझा नव्हे." पण ते असो. तो खेळ त्यांनी सोळा वर्षं घराबाहेर कुणाला दाखवला नव्हता आणि मला दाखवायला तयार झाले ते माझ्या गोड बोलण्यानं नव्हे. मी बाजावाल्याला शोधून काढलं होतं म्हणून.

बाजावाला म्हणजे त्याच कंपनीतला सूर बनवणारा, काकांचा जिवलग मित्र. एकदा त्याच्या एका खेळाला चौसष्टवर दोन केबी जास्त होत होते. साहेब म्हणाले, "नावांचं पान काढ." खेळ संपल्यावर करणाऱ्यांची नावं येतात ते पान. काकांनी काढलं. पुढे प्रत्येक खेळात तेच. आधी नावं जात, मग सूर, मग चित्रांतले रंग. एकशे चाळीस खेळांतली नावं या माणसानं स्वतःच्या हातानं कापली. एके दिवशी बाजावाल्यानं आपल्या वडलांना दुकानातून खेळ विकत घ्यायला लावला. वडलांनी शेवटपर्यंत खेळून विचारलं, "तुझं नाव कुठंय रे?" दुसऱ्या दिवशी बाजावाला कचेरीत येऊन काकांच्या टेबलाशी उभा राहिला. "मला सांगितलं असतंस तर मी दोन केबीचा सूर कमी केला असता," एवढंच बोलला आणि आठवड्यात नोकरी सोडली. त्यानंतर बोलणं नाही. वडील पुढे वारले.

'जरा धरा' करताना काकांनी आधी नावांचं पान केलं, मग खेळ. सहा नावं, पहिलं बाजावाल्याचं, शेवटचं स्वतःचं. फोनात आपली अक्षरं नव्हती म्हणून ठिपका ठिपका मांडून काढलेली. ते त्याला द्यायचं राहून गेलं. आधी राग होता, मग संकोच, मग सवय. आता आमच्या बाईंनी कॉलेजात जुन्या खेळांचं एक दिवसाचं प्रदर्शन ठरवलं होतं, बाजावाल्यानं यायचं कबूल केलं होतं, आणि प्रदर्शनाला एकोणीस दिवस उरले असताना मी एक-दोन-तीन-चार-पाच केलं.

तीन दिवस मी त्यांच्याकडे फिरकलो नाही. बाईंना सांगितलं तेव्हा त्या चष्मा काढून म्हणाल्या, "आपल्या विषयाचा पहिला नियम काय?" मी म्हटलं, "मूळ वस्तूला हात लावायचा नाही." "मग परीक्षेत तरी बरोबर लिही," म्हणाल्या आणि पुन्हा चष्मा घातला.

चौथ्या दिवशी काकूंचा फोन. काकू शाळेच्या कचेरीत कारकून. आवाज असा की चौकशी करायला आलेला माणूस फीच भरून जातो.

"जिवंत आहेस का?"

"आहे."

"मग संध्याकाळी ये. मी बोलावलं म्हणून सांगू नकोस. चौकडीची वही आण, दोन आण. यांना काटकसरीची खोड आहे, कडेपर्यंत लिहीत बसतात."

मी गेलो. काका टीव्ही न लावता टीव्हीसमोर बसले होते. काकूंनी वही त्यांच्यापुढे आपटली. "काढा. मी हा खेळ दवाखान्याच्या, बँकेच्या, रेशनच्या सगळ्या रांगांत खेळलेय. मला पाचही मजले पाठ आहेत. तुम्हाला नसतील तर सांगा."

"मला नसायला काय झालं?"

"मग तिसऱ्या मजल्यावर काय होतं?"

"मांजर."

"मांजर चौथ्यावर. तिसऱ्यावर कुंडी."

"कुंडी मी काढून टाकली होती."

"काढून टाकली असती तर माझं कपाट दर वेळी कशाला अडलं असतं? तुमच्या डोक्याला?"

अशा रीतीनं जिना पुन्हा उभा राहायला लागला. काकांना आकडे आठवत. पायरी आठ ठिपके, कपाट चोवीस बाय चाळीस. काकूंना माणसं आठवत. कुठल्या मजल्यावर दार उघडून कोण डोकावतं, कोण शिंकतं. मी दोघांच्या मध्ये बसून संगणकावर लिहीत होतो आणि दोघांचा मार खात होतो. रोज सहा ते आठ. आठला काकू म्हणत, "बास, आता कपाट तिथंच राहू दे, कुणी चोरत नाही."

पण चालेना. दिसायला सगळं तेच, काका माझ्या फोनच्या पडद्यावरची बटणं दाबून बघत आणि मान हलवत. "हे नाही." मी मागच्या माणसाला पाव सेकंद उशीर दिला होता. मग थोडा कमी दिला, थोडा जास्त दिला. "नाही." सात दिवस 'नाही'. आठव्या दिवशी माझाही तोल गेला. "काका, काहीतरी आकडा सांगा ना! तुमच्या अंगठ्याला काय वाटतं ते मी लिहू कसं?"

ते चिडले नाहीत. ड्रॉवर उघडून त्यांनी म्हातारीला बाहेर काढलं, त्या रविवारनंतर पहिल्यांदा. खेळ नव्हताच तिच्यात. त्यांनी नुसती मेनूची बटणं दाबली, वर-खाली, डोळे मिटून. बराच वेळ.

"ही सारखी मंद नाही," ते म्हणाले. "सरळ चालताना हिला कमी वेळ लागतो. नवीन चित्र आणायचं असलं की जास्त. म्हणजे वळणावर. वळणावर मागचा माणूस थबकायचा. मी तसं लिहिलं नव्हतं, हिनंच केलं होतं." मग डोळे उघडून म्हणाले, "मी सोळा वर्षं समजतोय, ते थबकणं माझं होतं."

वळणावर दुप्पट उशीर घातला. काकूंनी माझा फोन हातात घेतला, तिसऱ्या मजल्यावर कुंडीला अडल्या आणि "मेल्या!" म्हणाल्या. तेव्हा आम्हाला कळलं की जमलं.

सूर मात्र आला नाही. मूळ सूर बाजावाल्याचाच. तो नोकरी सोडून गेल्यावर त्याच्या एका जुन्या खेळातला काकांनी न विचारता उचलला होता. काकांना आठवत होते ते फक्त चार स्वर, सगळ्यात गरीब फोनसाठी त्यांनीच कापून उरवलेले. तेवढेच टाकले.

"आणि नावांचं पान?" मी विचारलं.

"ते मी करतो. तू त्याला हात लावू नकोस."

प्रदर्शनाच्या सकाळी त्यांनी मला एक छोटी फाइल दिली. मी ती उघडली नाही, होती तशी खेळात बसवली. खरं सांगायचं तर त्या माणसाची कुठलीही वस्तू उघडून बघायची माझी हिंमत राहिली नव्हती.

बाजावाला चार वाजता आला. उंच, केस पांढरे, हातात छत्रीसारखी घट्ट गुंडाळलेली पिशवी. तो आता कानांची तपासणी करणाऱ्या केंद्रात काम करतो, लोकांना किती ऐकू येतं ते मोजतो. त्यानं सगळ्या टेबलांवरचे फोन ओळीनं बघितले आणि शेवटी आमच्यापाशी आला. काकांनी नमस्कार केला नाही, त्यानंही नाही.

"हा कुठला?"

"खेळून बघ."

तो उभ्यानंच खेळायला लागला. चार स्वर वाजले. त्यानं बटण सोडलं.

"एवढंच ठेवलंस?"

"एवढंच आठवतं," काका म्हणाले.

"बाकीचा चांगला होता."

"माहीत आहे."

तो पुन्हा खेळू लागला. पहिला मजला उतरला, दुसरा उतरला. तिसऱ्यावर तीनदा अडकला. काका मागे हात बांधून उभे. शेवटी काकूंनाच राहवेना. "कुंडी, भाऊजी, कुंडी! आधी मागच्याला येऊ द्या." त्यानं थांबून मागच्याला येऊ दिलं. चौथा, पाचवा. कपाट रस्त्यावर आलं. पडदा काळा झाला आणि पांढऱ्या ठिपक्यांची नावं उमटली.

तो वाचत राहिला. सहा ओळी वाचायला लागतो त्यापेक्षा खूप जास्त वेळ. मग खिशातून चष्मा काढला, लावला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. बोटानं पहिल्या ओळीखालची काच पुसली, तिथं काही नसताना.

"वडलांना दाखवलं असतं," तो म्हणाला.

काकांनी मान हलवली. मग बाजावाल्याच्या कपाळाला आठी पडली.

"तुझं कुठंय?"

मी वाकून बघितलं. सहाव्या ओळीत माझं नाव होतं. ठिपका ठिपका मांडलेलं, वेलांटी किंचित तिरकी, जशी मी काढतो तशी. काकांचं नाव नव्हतं.

"मावलं नाही," काका म्हणाले. "पडदा एकशे अठ्ठावीसचा. मथळा एक आणि ओळी सहा, अठरा-अठरा ठिपक्यांच्या. यानं काम केलंय, याचं यायला हवं."

"अहो, मी पुसलंय ते!" माझा आवाज जरा मोठाच निघाला असावा, पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी बघितलं. "पडद्याचं काय घेऊन बसलात, आता कितीही ओळी मावतात. पान वर सरकवता येतं."

"म्हातारीत सरकत नव्हतं."

"सोळा वर्षांत काही शिकला नाहीस," बाजावाला म्हणाला. रागावला होता की हसू दाबत होता, मला सांगता येणार नाही. "तेव्हाही आधी स्वतःचंच कापायचास. मग आमचं. म्हणून तर भांडलो नाही, याचंही गेलंय तर आपण काय बोलायचं."

मला वाटतं हे त्यांना कुणी तोंडावर म्हटलेलं नव्हतं. त्यांनी फोन टेबलावर ठेवला, मग परत उचलला आणि त्याची कड टेबलाच्या कडेशी नीट समांतर लावली.

"माझं काढा," मी म्हटलं.

"नाही."

"मग मथळा काढा," काकू म्हणाल्या. "'नावं' असं वर लिहायला कशाला हवं? खाली नावं आहेत हे दिसतंय की. आमच्या शाळेच्या हजेरीपटावर कुणी लिहितं का, ही मुलं आहेत म्हणून?"

बाजावाला मोठ्यांदा हसला. काकांनी मनातल्या मनात हिशेब केला, ओठ हलत होते. सात अठरा एकशे सव्वीस. दोन ठिपके उरत होते.

"मावेल," ते म्हणाले. आणि मग माझ्याकडे न बघता, "पण माझं नाव मी काढणार नाही. मला ते जमत नाही. तू काढ. हातानं, ठिपका ठिपका. संगणकातली तयार अक्षरं आणू नकोस, चिखल दिसतो."

"काढतो," मी म्हटलं.

बाजावाला साडेपाचला गेला. जाताना काकांना म्हणाला, "सुराचं बघतो," आणि मागच्या महिन्यात त्यानं खरंच पाठवला. मूळ सूर, पूर्ण, सव्वीस स्वरांचा. वजन दोन केबीहून थोडं कमी. खाली लिहिलं होतं, 'कापलास तर याद राख.' काकांनी तो मला तीनदा ऐकवला आणि तिन्ही वेळा खिडकीबाहेर बघत राहिले. आता ते दोघं महिन्यातून एकदा भेटतात. बोलतात फार कमी, असं काकू सांगतात. बाजावाल्यानं काकांचे कान तपासले. डावा थोडा कमी निघाला. काका म्हणतात, त्या बाजूला ड्रॉवरमधला तो 'खडूस' धरायचो.

खेळ आमच्या विभागाच्या पानावर ठेवलाय. आतापर्यंत त्रेपन्न जणांनी उतरवून घेतला. मूळ सुरासह पाचही मजले उतरलं की नावं येतात. वरची पट्टी काळी आहे, अठरा ठिपक्यांची, मथळा काढला ती. सगळी नावं एकेक ओळ वर घेऊन खाली काकांचं घालायचं, असं ठरलं.

काकांच्या नावात एक जोडाक्षर आहे. एका अक्षराला पाच ठिपक्यांची रुंदी मिळते, तीत ते बसत नाही. मी नऊ वेळा काढून नेलं. पहिलं बघून ते म्हणाले, "हे शेजारच्यांचं नाव वाटतं." चौथं बघून म्हणाले, "जवळ आलास, पण पोट फार सुटलंय." नवव्याला नुसतं "हं" म्हणाले आणि वही माझ्याकडे सरकवली. वहीतल्या शेवटून तिसऱ्या पानावर आहे मी. काकू परवा फोनवर म्हणाल्या, "झालं का रे यांचं नाव?" मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात नक्की." त्या म्हणाल्या, "हे तू मागच्या आठवड्यातही म्हणाला होतास."